ढोल विद्यापीठात कसा आला

खान्देशाला ऐकलेलं लिहून ठेवायची जुनी सवय आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते झरझर उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं कानांतून कागदावर आलं. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या याच गुरुजींनी बायकांच्या ओव्या वेचून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलं. आणि जळगावात, आसोद्याहून सासरी आलेल्या बहिणाबाई चौधरी शेतात, जात्यापाशी, चुलीपुढे जे म्हणत, ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातली माणसं टिपून ठेवत राहिली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली आणि सगळा महाराष्ट्र थक्क झाला.

शब्द वाचले. चाल मात्र पुस्तकात मावत नाही. आज बहिणाबाईंचं गाणं म्हटलं की बहुतेकांच्या कानांत १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातली, वसंत पवारांनी बांधलेली चाल घुमते. ती चाल फार गोड आहे, माझ्याही ओठांवर ती बसलेली आहे. पण जात्याच्या घरघरीत, दाणे टाकायला हात थांबला की श्वास घेत, बहिणाबाई स्वतः ज्या सुरात म्हणत असतील तो सूर वेगळा. तो आपण लिहून घेतला नाही, कारण लिहून घेण्याजोगं जे काही असतं ते शब्दांतच असतं असं आपण धरून चाललो.

या स्मरणिकेसाठी विद्यापीठ आणि इथलं आदिवासी संगीत यांच्या नात्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा सुरुवात इथूनच करावी असं वाटलं. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला उभं राहिलं. गणिताचे प्राध्यापक डॉ. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू झाले. २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिचं नाव पदवी प्रमाणपत्राच्या माथ्यावर आलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. बहिणाबाई आदिवासी नव्हत्या, लेवा पाटीदार शेतकरी घरातल्या होत्या. पण ज्ञान गळ्यात असू शकतं, हातांत असू शकतं, आणि त्याला कागद लागत नाही, हे या विद्यापीठाने स्वतःच्या नावातच मान्य केलं आहे. सातपुड्यातल्या ढोलवाल्याला, पावरी वाजवणाऱ्याला, थाळ लावून रात्रभर कथा सांगणाऱ्याला वर्गात गुरू म्हणून बसवायचं झालं तर त्यासाठी दुसरा आधार शोधावा लागत नाही.

आता थोडं मागे जाऊ. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता. मग त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव एकीकडे आणि धुळे दुसरीकडे. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता. म्हणजे अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहादा, नवापूर हा सगळा डोंगराळ, भिल्ल-पावरा-मावची-कोकणी मुलूख पिढ्यानपिढ्या धुळ्याच्या कचेरीशी बांधलेला होता. जळगावकडेही चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत पावरा आणि तडवी वस्ती आहे. मैदानातली गावं आणि डोंगरातली गावं आठवडी बाजारात एकमेकांना भेटत होती. संगीताच्या शिक्षणात मात्र ती भेटली नाहीत.

संगीत शिकणं म्हणजे काय, याची जळगाव-धुळ्याची कल्पना नाट्यसंगीताने आणि गांधर्व मंडळाच्या परीक्षांनी घडवली. बालगंधर्वांच्या लहानपणाचा काही काळ जळगावात गेला, त्यांचे पहिले धडे इथलेच, हे जळगावकर अजून अभिमानाने सांगतात. त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह शहरात आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं, आणि मग प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या गावोगाव पोचल्या. या पायऱ्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाला त्यांनीच घराण्याबाहेरून संगीतात शिरू दिलं. उस्तादाच्या घरी पाणी न भरता राग शिकता येतो, हे पलुस्कर-भातखंड्यांनी शक्य केलं.

पण त्या पायऱ्यांनी एक मापही ठरवलं. स्वर पेटीच्या पट्टीत बसला पाहिजे, ताल मात्रांत मोजला गेला पाहिजे, आणि दोन्ही लिपीत लिहिता आलं पाहिजे. महाविद्यालयांत संगीत हा विषय आला तो हेच माप घेऊन. त्या मापात जे बसलं नाही त्याला ‘लोकसंगीत’ म्हणून एखाद्या प्रश्नात चार गुण मिळाले, लावणी-पोवाडा-भारूड यांच्या रांगेत.

धुळ्याला कागद जपायची तर फारच मोठी परंपरा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्या वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून रामदासी बाडं गोळा केली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. त्याच धुळ्यापासून दिवसभराच्या वाटेवर भिल्ली आणि कोकणी कथांचं जिवंत भांडार चालतं-बोलतं होतं. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा भिल्ली बोली आणि खान्देशी यांना वाहिलेला भाग १९०७ साली निघाला, त्यातही बोलींचे नमुने छापले गेले. नमुने म्हणजे पुन्हा शब्दच.

त्या भांडारात काय आहे हे एकदा नीट सांगायला हवं, कारण शहरातल्या वाचकाला ‘आदिवासी संगीत’ म्हटलं की एकच ढोल आणि एकच गोल नाच डोळ्यांपुढे येतो.

साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडे, पिंपळनेरच्या पुढे, आणि तिथून नवापूर, बागलाण, डांगाकडे कोकणी वस्ती आहे. मार्गशीर्षात तिथे डोंगऱ्या देव बसतो. व्रत घेतलेले लोक रात्ररात्र नाचतात, आणि पौर्णिमेच्या सुमाराला डोंगरातल्या देवस्थानाकडे जातात. नाच चालतो पावरीवर. पावरी म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि टोकाला शिंग जोडून केलेलं वाद्य, वर मोरपिसं. वाजवणारा गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. एकदा फुंकायला लागला की नाचणारे दमतील पण पावरी थांबत नाही. ज्यांनी सनईवाल्याला असा श्वास फिरवताना पाहिलं आहे त्यांना त्यामागचे कष्ट कळतील.

त्याच मुलुखात थाळ आहे. काशाची थाळी, तिच्या मध्यावर मेणाचा गोळा, त्या मेणात उभी रोवलेली बारीक काडी. दोन्ही हातांच्या बोटांनी ती काडी वरून खाली सुतत आणली की थाळी गुणगुणायला लागते. तंबोऱ्यासारखाच तो आधाराचा सूर, पण तंबोऱ्याला छेड असते आणि थाळीला छेड नसते, ती नुसती घुमत राहते. त्या घुमण्यावर थाळकरी देवांच्या, पृथ्वीच्या, धान्याच्या उत्पत्तीच्या कथा सांगतो. रात्र सरते, कथा सरत नाही. नाद आणि कथन यांचं इतकं साधं, इतकं पक्कं नातं मी दुसरीकडे क्वचित ऐकलं.

नर्मदेच्या बाजूला, अक्कलकुवा-धडगावकडे गेलं की ढोलाचं राज्य सुरू होतं. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, आणि मग गावागावांच्या होळ्या. काठीची राजवाडी होळी सर्वांत मोठी. रात्रभर नाच चालतो आणि होळी पहाटे पेटते. मोरपिसांचे उंच टोप घातलेले बुध्ये, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेले बावे, आणि प्रत्येक गावाचा आपला ढोल. नाचणाऱ्यांनी त्याआधी काही दिवस पालनी पाळलेली असते. खाटेवर निजायचं नाही, ठरलेलं सोडून खायचं नाही, अशी ती बंधनं. ढोलाचे बोल प्रसंगाप्रमाणे बदलतात. होळीचा ठेका लग्नाला वाजत नाही. पावऱ्यांच्या इंदलात कळंबाच्या फांद्या रोवून रात्रभर देवाचं गाणं चालतं, त्याचा ढोल आणखी निराळा. ऐकणाऱ्याला डोंगराच्या पलीकडून कळतं की तिकडे लग्न आहे की देव आहे. आमच्या तालशास्त्रात तालाला नाव असतं आणि मात्रा असतात. तिथे तालाला प्रसंग असतो, आणि तो प्रसंग काढून घेतला तर उरतो तो फक्त आवाज.

यांखेरीज मांदल आहे, थाळी-घुंगरू आहे, बायकांची सामुदायिक गाणी आहेत, रात्रभर चालणारी सोंगाड्या पार्टी आहे. सगळ्यांची यादी इथे देत नाही. हे एक संगीत नाही, अनेक संगीतं आहेत, आणि भिल्ल माणसाला कोकण्याची पावरी तितकीच परकी असू शकते जितकी ती जळगावच्या शिक्षकाला, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

विद्यापीठात हा ढोल आला तो अभ्यासक्रमातून आला नाही. तो युवारंगातून आला. युवारंग हा आपल्या विद्यापीठाचा आंतरमहाविद्यालयीन युवक महोत्सव. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांची मुलं त्यात उतरतात, आणि त्यातून पुढे आंतरविद्यापीठ महोत्सवांना, राज्याच्या ‘इंद्रधनुष्य’ला संघ जातात. डोंगरातल्या महाविद्यालयांतून आलेल्या मुलांनी घरचा ढोल एसटीच्या टपावर टाकून आणला, आजोबांचा टोप आणला, आणि स्पर्धेच्या रंगमंचावर उभी राहिली. विद्यापीठाच्या सांस्कृतिक इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं पान आहे असं माझं मत आहे, आणि ते कोणत्याही समितीने लिहिलेलं नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी ते लिहिलं.

मी अशा स्पर्धांच्या परीक्षकांच्या रांगेत बसलो आहे. युवक महोत्सवाच्या देशभरच्या नियमांत लोकनृत्य आणि आदिवासी नृत्य एकाच स्पर्धेत येतात, आणि वेळ जास्तीत जास्त १० मिनिटं. रात्रभराची होळी १० मिनिटांत बसवायची म्हणजे काय करावं लागतं ते मुलांनीच मला शिकवलं. सुरुवातीचा संथ भाग जातो. एकाच ठेक्यावर अर्धा तास नाचत राहिल्यावर जी अंगात येणारी धुंदी असते ती जाते. त्याऐवजी मनोरे येतात, दर मिनिटाला रचना बदलते, कारण तेच तेच दिसलं की परीक्षक गुण कापतील अशी भीती असते. एका मुलीला मी विचारलं, गावात असे मनोरे करता का? ती म्हणाली, “नाही सर, गावात कोण बघायला बसलेलं असतं? सगळेच नाचतात.” गुणपत्रिकेत वेशभूषा आहे, समन्वय आहे, सादरीकरण आहे. सगळेच नाचतात, या गोष्टीला रकाना नाही.

आणि तालवाद्याची स्पर्धा वेगळी असते, शास्त्रीय तालवाद्याची. तिथे तबला, पखवाज. ढोलवाला मुलगा नृत्याच्या साथीला बसतो, त्याचं नाव बक्षिसाच्या यादीत एकट्याचं कधी येत नाही. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा वर्गात संगीताचा विषय घेऊन बसला तर त्याला त्रितालाच्या १६ मात्रा येतात की नाही एवढंच आपण विचारतो. सहाव्या वर्षापासून तो जे वाजवत आला त्याला शून्य. ही मुलं आमच्या दारात ज्ञान घेऊन आली, आणि आम्ही त्यांना नवशिके समजून प्रारंभिकच्या वर्गात बसवलं.

शहाद्याच्या वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे. भिल्ली आणि मराठीत लिहिणारे हे कवी, ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ सालचा. आदिवासींच्या दुःखाविषयी मंचावरून दुसरेच बोलतात आणि आदिवासी मंचाखाली बसून ऐकतात, असा त्या कवितेचा विषय. युवारंगाने मंच दिला, हे खरं. पण वर्गातली खुर्ची हाही एक मंच आहे, आणि तो अधिक काळ टिकणारा आहे.

या प्रश्नावर महाराष्ट्रात विचार झालाच नाही असं नाही. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक दा. रानडे यांनी १९७५ साली ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहिलं. त्यांनी संगीताच्या कोटी मांडल्या: आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम. यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की आदिम आणि लोक या दोन कोटी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. आदिवासी संगीत म्हणजे लोकसंगीताची कच्ची पायरी, लोकसंगीत म्हणजे रागसंगीताची कच्ची पायरी, अशी शिडी आपण सगळे नकळत मनात धरून असतो. रानड्यांनी ती शिडी मोडली. प्रत्येक कोटीला तिचा हेतू, तिचा काळ, तिचा श्रोता. हे पुस्तक मी एम.ए.ला असताना वाचलं आणि परीक्षेत टिपणही लिहिलं. त्याचा अर्थ मात्र फार उशिरा कळला.

पुढे मुंबई विद्यापीठातच लोककला अकादमी निघाली. डॉ. प्रकाश खांडगे यांनी तिची घडी बसवली, शाहीर अमर शेखांच्या नावाचं अध्यासन तिच्या जोडीला होतं. शाहिरी, तमाशा, गोंधळ, जागरण या कला कलिनाच्या आवारात शिकवल्या जाऊ लागल्या, आणि शिकवणाऱ्यांत त्या कलांतच वाढलेली माणसं होती. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने १९८७ पासून गुरुकुल पद्धत आणली, विद्यार्थी गुरूच्या घरी जाऊन शिकतो आणि पदवी विद्यापीठ देतं. या दोन गोष्टी एकत्र केल्या तर आमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तयार आहे. अकादमीने दाखवलं की परंपरेतला कलावंत विद्यापीठात शिकवू शकतो. केंद्राने दाखवलं की शिकणं विद्यापीठाच्या भिंतीबाहेर, गुरूच्या अंगणात झालं तरी ते शिक्षणच असतं. पावरी शिकायला विद्यार्थ्याने पिंपळनेरच्या पुढे जाऊन राहायचं, एवढाच फरक.

परदेशातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठात १९७२ साली कॅथरीन एलिस या संगीतशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या आदिवासींसाठी संगीताचा कार्यक्रम सुरू केला, त्यातून आदिवासी संगीत अध्ययनाचं केंद्र उभं राहिलं. वाळवंटी भागातले पित्जंतजत्जरा समाजाचे वडीलधारे विद्यापीठात शिकवायला येत. काय शिकवायचं आणि काय शिकवायचं नाही हे ते ठरवत. काही गाणी ठरावीक वयाशिवाय ऐकायचीही नसतात, ती त्यांनी वर्गात आणली नाहीत, आणि विद्यापीठाने ते मानलं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाने १९६२ पासूनच जगभरचे परंपरागत कलावंत वर्ष-दोन वर्षांसाठी शिक्षक म्हणून बोलावायला सुरुवात केली होती. तिथे शिकवणाऱ्याला पदवी विचारत नसत, वाद्य विचारत.

आपल्याकडे पदवीची ही अडचण आता नियमातही सैल झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली आणि २०२३ मध्ये स्थानिक कलावंत-कारागिरांना महाविद्यालयांत निवासी गुरू म्हणून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. गुरू, परमगुरू आणि परमेष्ठी गुरू अशा तीन पायऱ्या त्यात आहेत, अनुभवाच्या वर्षांवर ठरणाऱ्या. औपचारिक शिक्षणाची अट नाही. बहिणाबाई आज असत्या तर त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात या नियमाने त्यांना शिकवता आलं असतं. नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमी आहे, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी जागाही आहे.

नियम सैल झाला तरी आमचे कान सैल व्हायला वेळ लागतो. त्याचा एक प्रसंग सांगतो, माझ्या स्वतःच्या नोकरीतला.

काही वर्षांपूर्वी आम्ही महाविद्यालयात एका पावरी वाजवणाऱ्या बाबांना दोन दिवसांसाठी बोलावलं. साक्रीकडचे होते, सत्तरीच्या आसपास. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि आमच्या पेटीवाल्याने सवयीने पट्टी शोधायला घेतली. काळी एक जुळेना, पांढरी दोनही जुळेना. पावरीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता, आणि तो तिथे ठामपणे होता. पेटीवाला हळूच म्हणाला, वाद्य उतरलंय. बाबांना ऐकू गेलं. त्यांनी पावरी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी शिक्षक होतो, विभागाचा प्रमुख होतो, आणि त्या क्षणी मी काही बोललो नाही. भोपळा ज्या आकाराचा, नळी ज्या लांबीची, तोच त्या वाद्याचा षड्ज, आणि पेटीनेच तिथे गप्प बसायचं असतं, हे मला माहीत होतं. विद्यार्थ्यांपुढे ते म्हणायला हवं होतं. अजून त्याची टोचणी आहे.

शेवटी बोलली ती दुसऱ्या वर्षाची एक कोकणी मुलगी. ती म्हणाली, बाबा, आमच्या गावाकडचं वाजवा. बाबा हसले, तिच्याशी कोकणीत बोलले, आणि मग तासभर वाजवलं. पेटी बंद होती. मुलीने मराठीत आम्हाला सांगितलं की हे नाचाचं आहे, हे वळण घेतल्यावरचं आहे. त्या दिवशी वर्गातली दुभाषी, साहाय्यक प्राध्यापक आणि संदर्भग्रंथ अशी तिन्ही कामं त्या एकट्या मुलीने केली. एका विद्यार्थ्याने डोंगऱ्या देवाचं वाजवायला सांगितलं तेव्हा मात्र बाबांनी मान हलवली. जुलै महिना होता. “त्याचा वखत नाही,” एवढंच ते म्हणाले. आमच्या वेळापत्रकात दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता ‘डोंगऱ्या देव: प्रात्यक्षिक’ असं छापलेलं होतं. ते खोडलं.

मानधनाचीही गोष्ट आहे. शाल-श्रीफळ लगेच झालं. पैशांसाठी पॅन कार्ड, शैक्षणिक पात्रतेचा रकाना, बँकेच्या पासबुकाची प्रत, असं करत चार महिने गेले. एसटीचं भाडं आम्ही शिक्षकांनी खिशातून दिलं. ज्याच्याकडून दोन दिवस शिकलो त्याला एका व्याख्यात्याला मिळतं तेवढंही वेळेवर देता आलं नाही. पुढे कोणीही असा कार्यक्रम आखणार असेल तर त्याने आधी हिशेबाच्या खिडकीवर जाऊन बसावं, मग वाद्याकडे वळावं. सन्मानाची सुरुवात तिथूनच होते, असं मी आता सगळ्या तरुण सहकाऱ्यांना सांगतो.

ध्वनिमुद्रणाविषयीही सांगायला हवं. त्या दोन दिवसांत मुलांनी मोबाइलवर भराभर चित्रफिती घेतल्या. बाबांना कोणी विचारलं नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं काम केलं तेव्हा लाखावर ओव्या जमल्या, आणि पुढे त्यांतल्या हजारो ओव्या त्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात मुद्रित झाल्या, कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटलेल्या त्या नोंदीसह. शब्द आणि चाल दोन्ही राहिल्या, आणि गाणारीचं नावही राहिलं. सोपानदेवांच्या हाती असं यंत्र असतं तर, असं मला दर वेळी वाटतं. आमच्या विद्यार्थ्यांच्या खिशात ते आहे. ते कसं वापरायचं, कोणाला विचारून वापरायचं, मुद्रण कोणाच्या मालकीचं, हे शिकवणं आता संगीत विभागाचंच काम आहे.

दुसऱ्या दिवशी निघताना बाबांनी पिशवीतून पुरचुंडी काढली. तीत भोपळ्याच्या बिया होत्या. मुलांना पावरी शिकायची आहे ना, म्हणाले, मग आधी हे लावा. हा भोपळा आषाढात पेरायचा, कुंपणावर चढवायचा, खायचा नाही. वेलावरच पिकू द्यायचा. आतला गर वाळून बिया खुळखुळल्या की मार्गशीर्षाच्या आधी तोडायचा. किती लांब मानेचा भोपळा हवा, कोणता सोडून द्यायचा, हे त्या कोकणी मुलीला त्यांनी हाताने मापून दाखवलं. आमचं पहिलं सत्र जूनला सुरू होतं आणि दिवाळीच्या पुढेमागे संपतं. बी पेरण्यापासून भोपळा वाळेपर्यंतचा काळ जवळपास तेवढाच.

त्या वर्षी वसतिगृहाच्या मागच्या तारेवर सात वेल चढले. पाच भोपळे मोठे झाले, त्यांतले दोन बाबांनी पसंत केले. मार्गशीर्षात आम्ही अकरा जण ते घेऊन त्यांच्या गावी गेलो.